मिरवणुकीत न दिसणारे दोन पराभव

१४ एप्रिलला उमरग्यात निघणाऱ्या मिरवणुकीत बाबासाहेबांची सगळी रूपं असतात. कोटातले, बॅरिस्टरच्या झग्यातले, हातात संविधान घेतलेले, बोट दाखवणारे. हल्ली एलईडीच्या भिंतीवर कोलंबिया विद्यापीठाची इमारतही असते, आणि तिच्यासमोर उभं राहून पोरं रील काढतात. एक रूप मात्र मी कुठल्याच गाडीवर पाहिलं नाही. निवडणूक अर्ज भरणारे, सभा घेणारे, मतमोजणीच्या दिवशी हरणारे बाबासाहेब तिथे नसतात. १९५२ चा पराभव नसतो, १९५४ चा तर नसतोच.

कारण विचारलं की दोन उत्तरं मिळतात. पहिलं, पराभव कशाला आठवायचा, जयंतीचा दिवस आहे. दुसरं, काँग्रेसनं पाडलं. दुसरं उत्तर निम्मं खरं आहे आणि म्हणूनच जास्त घातक आहे. काँग्रेसनं पाडलं एवढ्यावर गोष्ट संपवली, की मग काँग्रेसला शिव्या देऊन आपण मोकळे. ज्या यंत्रणेनं पाडलं ती तशीच शिल्लक राहते. ती आज उमरग्यात आहे, माझ्या गावच्या ग्रामपंचायतीत आहे, आणि ती चालवायला काँग्रेसच लागते असं काही नाही. कुठलाही पक्ष ती चालवतो.

मी उमरग्याच्या कोर्टात वकिली करतो. नवा आहे, म्हणजे तारीख मागण्यात आणि नकला काढण्यातच दिवस जातो. पण कायदा शिकलेल्या माणसाला एक खोड लागते. निकाल वाचून तो थांबत नाही, निकाल कुठल्या कलमाखाली लागला ते बघतो. बाबासाहेबांच्या निवडणुकांकडे मी त्याच खोडीनं बघायला लागलो, तेव्हा जे दिसलं ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांचा जय-पराजय लाटेपेक्षा, लोकप्रियतेपेक्षा जास्त एका गोष्टीशी जोडलेला दिसतो: मतं मोजायची पद्धत कोणती होती.

क्रमाने बघू.

१९३७. मुंबई इलाख्याच्या विधानसभेची निवडणूक. स्वतंत्र मजूर पक्ष नुकताच, १९३६ मध्ये काढलेला. बाबासाहेब मुंबईतून, भायखळा-परळ भागातून उभे. समोर काँग्रेसनं कोण दिला? पाळवणकर बाळू. देशातला त्या काळचा सर्वांत नावाजलेला दलित क्रिकेटपटू, स्वतः बाबासाहेबांनी तरुणपणी ज्याचा गौरव केला होता तो माणूस. काँग्रेसचा डाव साधा होता: दलितासमोर दलित, तोही लाडका. तरी बाबासाहेब जिंकले. त्या वेळी मुंबई इलाख्यात एका मतदारसंघातून एकापेक्षा जास्त प्रतिनिधी निवडले जात, मतदाराला तितकी मतं असत, आणि ती सगळी मतं एकाच उमेदवाराला द्यायची मुभा होती. म्हणजे मतं साठवता येत. हा नियम आपोआप आलेला नव्हता. बाबासाहेबांनी त्यासाठी आग्रह धरला होता. पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ गेले, तेव्हा निदान मोजणीची पद्धत तरी अशी असावी की थोड्या लोकांचं मत बहुसंख्यांच्या मतात विरघळून जाणार नाही, हा त्यामागचा वकिली हिशेब होता.

१९४६. संविधान सभा. मुंबईतून दार बंद. त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनला प्रांतिक निवडणुकांत हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्याही जागा मिळाल्या नव्हत्या. मग ते बंगालमधून निवडून गेले, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साथीनं. ही गोष्ट रील्समध्ये असते, पण ती भावाभावाच्या मदतीची गोष्ट म्हणून सांगतात. मदत होतीच. पण ती मदत कामाला आली कशामुळे? संविधान सभेवरचे सदस्य प्रांतिक विधानसभांतून प्रमाणशीर प्रतिनिधित्वानं निवडले जात होते. पसंतीक्रमाचं मत, ठरावीक कोटा. कोट्याइतके आमदार तुमच्या बाजूनं उभे राहिले की बाकीची सगळी सभा विरोधात असली तरी तुम्ही आत. बहुमताची परवानगी लागत नाही.

फाळणीनंतर ती जागा गेली. जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा संविधान सभेत आले, बॅरिस्टर जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर. हे मात्र काँग्रेसच्या मतांवर. राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून ते घडवून आणलं. बहुमतानं ठरवलं म्हणून आले. माझ्या यादीतला हा अपवाद आहे आणि तो मी लपवत नाही. उलट तो मला उपयोगाचा आहे, कारण पुढच्या चार-पाच वर्षांत त्याची किंमत दिसते. बहुमत ज्याला बोलावतं त्याला ते नंतर बोलावणं बंदही करू शकतं. हिंदू कोड बिल रखडलं, सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्र्यानं राजीनामा दिला, आणि काही महिन्यांतच पहिली सार्वत्रिक निवडणूक आली.

१९५२. उत्तर मुंबई, लोकसभा. हा द्विसदस्य मतदारसंघ होता: एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. मतदाराला दोन मतं. पण आता दोन्ही मतं एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. १९३७ ची मुभा गेली होती. बाबासाहेबांची युती समाजवादी पक्षाशी होती, जोडीला सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता. कम्युनिस्टांचे डांगेही मैदानात. निकाल: राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर, साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी. संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष त्याच संविधानाखालच्या पहिल्या निवडणुकीत हरला. हजारो मतं वाया घालवली गेली अशी तक्रार घेऊन आंबेडकर आणि मेहता निवडणूक न्यायाधिकरणापुढे गेले. याचिका फेटाळली गेली.

त्याच वर्षी, काही आठवड्यांत, ते राज्यसभेवर निवडून गेले. मुंबई विधानसभेतून. पद्धत कोणती? पुन्हा पसंतीक्रम, पुन्हा कोटा.

आणि १९५४ ची भंडारा पोटनिवडणूक. मला विचाराल तर बाबासाहेबांच्या राजकीय आयुष्यातला सगळ्यात बोलका निकाल हा आहे, आणि त्यावर मी आजवर एकही व्याख्यान ऐकलेलं नाही. पुन्हा दोन जागा, पुन्हा तीच जोडी: सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता, राखीव जागेवर आंबेडकर. अशोक मेहता जिंकले. आंबेडकर सुमारे आठ हजार मतांनी हरले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. एकच मतदारसंघ, एकच मतपेटी, एकच युती. दलितांची दुसरी मतं मेहतांकडे पोहोचली. सवर्णांची दुसरी मतं आंबेडकरांकडे तितकी आली नाहीत. काँग्रेसची लाट होती म्हणाल, तर मग ती लाट मेहतांना का बुडवत नाही?

आता यादी उलटी वाचा. जिथे थोड्या लोकांना आपली मतं एकत्र ठेवता आली तिथे ते निवडून आले: १९३७, १९४६, १९५२ ची राज्यसभा. जिथे राखीव जागेचा मालक बहुसंख्य मतदार होता, तिथे त्या जागेसाठी देशातला सर्वांत पात्र माणूसही दोनदा पडला. हा नियम म्हणजे जादू नाही. चांगली पद्धत असूनही हरता येतं. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत फेडरेशन साफ बुडालं, आणि तेव्हा मतदार यादीच मालमत्ता आणि शिक्षण बघून केलेली होती, म्हणजे आपल्यातले बहुतेक लोक यादीतच नव्हते. पण वाईट पद्धतीत जिंकायचं असेल तर तुम्हाला बहुसंख्यांना पसंत पडावं लागतं, आणि पसंत पडण्याची अट काय असते ते इथे कुणाला सांगायची गरज नाही.

मध्येच एक अमेरिकेची गोष्ट सांगतो, कारण आपल्याला कोलंबियाचा फोटो फार आवडतो. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये शिकले. त्याच १९१६ साली चार्ल्स इव्हान्स ह्यूज नावाचा, आधी न्यूयॉर्कचा गव्हर्नर असलेला माणूस सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदाचा राजीनामा देऊन राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला. विल्सनकडून अगदी थोडक्यात हरला. कॅलिफोर्निया राज्यात चारेक हजार मतं इकडची तिकडे झाली असती तर इतिहास वेगळा होता. हरल्यावर काय झालं? १९२१ मध्ये परराष्ट्रमंत्री, १९३० मध्ये देशाचा सरन्यायाधीश. मोठा कायदेपंडित निवडणूक हरतो यात आश्चर्य काही नाही. लोकशाहीत हरणं चालतंच. पण ह्यूज एका स्पर्धकाकडून हरला. त्याचे स्वतःचे मतदार त्याच्या मागे उभे असताना, त्यांच्याच नावानं राखून ठेवलेल्या जागेवर, दुसऱ्यांनी आपला माणूस बसवला असं त्याच्याबाबतीत झालं नाही. फरक एवढा आहे, आणि तो फार मोठा आहे.

आता उमरग्याकडे येतो. १९३७ आणि १९४६ ला आमच्या भागातल्या कुणी या निवडणुकांत मतच दिलेलं नाही, कारण आम्ही निजामाच्या राज्यात होतो. आमच्या आजोबांनी पहिलं मत दिलं ते १९५२ मध्ये, हैदराबाद राज्यात. म्हणजे मतं साठवायची पद्धत आम्ही कधी पाहिलीच नाही. आम्हाला लोकशाही मिळाली ती थेट त्या रूपात, ज्या रूपात बाबासाहेब हरले.

२००८ च्या पुनर्रचनेनंतर उमरगा विधानसभा मतदारसंघ, म्हणजे उमरगा आणि लोहारा हे दोन तालुके, अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. त्याआधी तो खुला होता, आणि गंमत म्हणजे तेव्हा उस्मानाबाद लोकसभा राखीव होती. २००९ ला लोकसभा खुली झाली, विधानसभा राखीव झाली. राखीव लोकसभेच्या त्या काळात इथून गेलेले खासदार आठवा: काँग्रेस नाहीतर शिवसेना. राखीव विधानसभेचं बघा: २००९, २०१४, २०१९ शिवसेना, आणि २०२४ ला दोन शिवसेना एकमेकींसमोर. निवडून आलेल्या माणसांवर मला बोलायचं नाही. ज्ञानराज चौगुले असोत की प्रवीण स्वामी, नियमांप्रमाणे निवडून आले. माझं भांडण नियमाशी आहे. हा मतदारसंघ राखीव आहे, पण इथला बहुसंख्य मतदार त्या राखीव गटाच्या बाहेरचा आहे. त्यामुळे तिकीट कुणाला द्यायचं हे ठरवताना कुठल्याही पक्षाच्या कार्यालयात एकच प्रश्न विचारला जातो: बाकीचे लोक याला मत देतील का? दलित वस्त्यांना काय वाटतं हा प्रश्न दुसरा, आणि बहुतेक वेळा तो विचारायची गरजही पडत नाही.

गावात तर ही गोष्ट उघड्या डोळ्यांनी दिसते. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, गवंडीकाम करतात. काही वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर उभे राहायचं त्यांच्या मनात आलं. समाजमंदिराच्या जागेचा आणि पाण्याच्या पाइपलाइनीचा विषय त्यांनी दोन-तीन ग्रामसभांत लावून धरला होता. वस्तीनं एकमुखानं त्यांचं नाव घेतलं. पॅनेल करणाऱ्यांपैकी एकजण घरी आला, चहा घेतला, आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "तात्या, माणूस तुमी सोन्यासारखे हाव. पण आपल्याला जरा ऐकणारा पायजे." शिवी नाही, दमदाटी नाही. तात्या अपक्ष उभे राहिले. पॅनेलनं आमच्याच वस्तीतला दुसरा, शेतावर सालानं असलेला माणूस उभा केला. तो निवडून आला. अजूनही तो बैठकीला जातो तेव्हा प्रोसिडिंगवर सही करतो आणि परत येतो. त्याला मी दोष देत नाही. त्याचं साल ज्याच्याकडे, त्याच्याकडेच त्याची जागा. राखीव जागा आमच्या नावावर, सातबारा दुसऱ्याचा.

आता मला माहीत आहे काय म्हटलं जाईल. स्वतंत्र मतदारसंघ मागतो का? फाळणी आठवते का? हा आक्षेप इतका जुना आहे की तो ऐकताच लोक गप्प होतात. म्हणून सरळ सांगतो: मी स्वतंत्र मतदारसंघ मागत नाही. ते दार पुणे करारानं १९३२ मध्ये लावलं आणि संविधान सभेनं त्याला कुलूप घातलं. मधल्या वाटाही तिथेच अडल्या. एस. नागप्पा यांनी ऑगस्ट १९४७ मध्ये सुचवलं होतं की राखीव जागेवरच्या उमेदवाराला निदान ३५ टक्के दलित मतं मिळालेली असावीत. तेही मंजूर झालं नाही. दुसऱ्या टोकाला, १९५५ च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेबांच्याच फेडरेशननं ठराव केला की विधिमंडळांतल्या राखीव जागाच रद्द करा. हा ठराव आज कुणी मोठ्यानं वाचला तर आपल्याच लोकांना झटका बसेल. पण भंडाऱ्यानंतरच्या वर्षी तो का झाला असेल हे समजणं अवघड नाही. अशा राखीव जागेतून आपला आवाज जात नाही, दुसऱ्याचाच आवाज आपल्या तोंडून जातो, हे दोनदा अंगावर घेतलेल्या माणसाच्या पक्षाचा तो ठराव होता.

मला तो ठराव मान्य नाही. राखीव जागा रद्द केल्या तर सालानं असलेला माणूसही बैठकीत दिसणार नाही. तो दिसतो, याला किंमत आहे. त्याच्या मुलाला वाटतं की आपणही तिथे बसू शकतो. कलम ३३४ खाली दहा वर्षांसाठी ठेवलेल्या या जागा दर दहा वर्षांनी वाढवत आता २०३० पर्यंत आणल्या आहेत, आणि २०३० जवळ आलं की पुन्हा ओरड होईल: किती दिवस? त्या ओरडीला उत्तर म्हणून पुन्हा नुसती मुदत वाढवणं एवढीच आपली मागणी असणार असेल, तर आपण बाबासाहेबांचं राजकारण वाचलेलंच नाही.

माझी मागणी छोटी आहे. मतं साठवायची मुभा परत द्या. आणि ती दिल्लीला न जाता देता येते.

बघा, विधानसभा आणि लोकसभेत आता एका मतदारसंघातून एकच जण निवडतात. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानं संपले. पण गावात आणि नगरपरिषदेत अजून आहेत. उमरगा नगरपरिषदेच्या एका प्रभागातून दोन नगरसेवक निवडले जातात. ग्रामपंचायतीच्या प्रभागातून दोन किंवा तीन सदस्य. मतदार तितकी मतं देतो. फक्त अ जागेला एक, ब जागेला एक, असं वेगवेगळं बटण दाबावं लागतं, म्हणजे १९५२ चंच उत्तर मुंबई. पंचायती आणि नगरपालिकांच्या निवडणुका कशा घ्यायच्या हे ठरवायचा अधिकार संविधानानं राज्याच्या विधिमंडळाला दिला आहे. ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा, नगरपरिषदांचा १९६५ चा, दोन्ही महाराष्ट्राचे. मतदाराने आपली मतं हवी तशी, वाटल्यास सगळी एकालाच द्यावीत, एवढी दुरुस्ती मुंबईत होऊ शकते.

हिशेब करू. हजार मतदारांचा प्रभाग, दोन जागा, एक राखीव. दलित मतदार साडेतीनशे, बाकी साडेसहाशे. आजच्या पद्धतीत राखीव जागेवर कोण, हे साडेसहाशे ठरवतात. त्यांच्या पसंतीचा उमेदवार साडेसहाशे मतं घेतो, आमचा साडेतीनशे. विषय संपला. मतं साठवता आली तर आमच्या साडेतीनशे जणांची सातशे मतं एका उमेदवारावर. समोरच्यांकडे तेराशे आहेत. त्यांनी ती दोघांत सारखी वाटली तर प्रत्येकी साडेसहाशे, म्हणजे आमचा माणूस वर. त्यांनी राखीव जागेवरच्या आपल्या माणसाला साडेसातशे दिली तर राखीव जागा त्यांची, पण दुसऱ्यासाठी साडेपाचशेच उरली. मग सातशेवाला सर्वसाधारण जागेवर येतो. येऊ शकतो का? राखीव जागेसाठी उभा राहिलेला उमेदवार सर्वसाधारण जागा जिंकू शकतो हे १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे, आणि हरलेली व्यक्ती साधीसुधी नव्हती. आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये असंच झालं होतं: आदिवासी उमेदवारांनी दोन्ही जागा घेतल्या आणि व्ही. व्ही. गिरी, पुढे राष्ट्रपती झालेले, ते पडले. योगायोग म्हणा, पण त्या निकालानंतर दोनच वर्षांत द्विसदस्य मतदारसंघ बंद झाले.

तेराशेची दोन्ही टोपल्यांत कशीही वाटणी करा, दोन्ही सातशेच्या वर जात नाहीत. म्हणजे बहुसंख्यांची एक जागा त्यांना मिळतेच, ती कुणी हिसकावत नाही. फक्त दुसरीही त्यांनीच ठरवायची सोय जाते. आणि इथे मतदार यादी एकच, मतदान केंद्र एक, कुणालाही कुणाला मत देता येतं. वेगळं काढलेलं काहीच नाही. त्याचा फायदाही फक्त आम्हालाच नाही. एखाद्या प्रभागात मुसलमान, धनगर, लिंगायत, किंवा कुठल्याच जातीचा नसलेला पण पाण्याच्या प्रश्नावर एकत्र आलेला एक तृतीयांशहून मोठा गट असेल, त्यालाही तेच बळ मिळतं.

हे कुठे चालतं का? इलिनॉय राज्याच्या प्रतिनिधिगृहाच्या निवडणुका १८७० च्या संविधानापासून १९८० पर्यंत याच पद्धतीनं होत होत्या. अलाबामातल्या चिल्टन काउंटीत गोऱ्यांची प्रचंड बहुसंख्या, काळे लोक दहा-बारा टक्के. मतदान हक्काच्या खटल्यात तडजोड म्हणून १९८८ मध्ये सात जागा आणि सात साठवता येणारी मतं अशी पद्धत आली, आणि बॉबी एगी हा काळा उमेदवार काउंटी मंडळावर निवडून गेला. दूरचं जाऊ द्या. मुंबई, १९३७. परळच्या चाळींतल्या, बहुतेक अल्पशिक्षित मतदारांना ही पद्धत कळली होती. मोबाइलवर तीन ॲप एकदम चालवणाऱ्या पोरांना कळणार नाही असं म्हणणाऱ्यांनी जरा बाहेर बघावं.

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो. यानं जातीची मतं जातीतच घट्ट होतील, युती करायची गरज उरणार नाही. १९५७ चं उदाहरण त्यासाठी देता येईल: संयुक्त महाराष्ट्र समितीत फेडरेशन सामील झालं आणि त्यांचे उमेदवार संयुक्त मतदारसंघातूनच निवडून आले, दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले. मान्य. सगळा महाराष्ट्र एका मागणीसाठी पेटलेला असताना सवर्णांची मतं आली. मग १९६२? समितीची लाट ओसरली आणि महाराष्ट्रातून रिपब्लिकन पक्षाचा एकही खासदार लोकसभेत गेला नाही. युतीसाठी दर वेळी आंदोलनाची लाट लागत असेल, तर मधल्या वीस-वीस वर्षांत आम्ही काय करायचं? आणि माझा अनुभव उलटा आहे. ज्याच्या हातात स्वतःची जागा असते त्याच्याशीच लोक युतीची बोलणी करतात. तात्यांशी बोलायला आलेला माणूस बोलणी करायला आला नव्हता, निरोप द्यायला आला होता.

शेवटी आपल्या नेत्यांबद्दल एक वाक्य, कारण त्याशिवाय हा लेख अर्धा राहील. राज्यात आंबेडकरांचं नाव घेणारे जितके गट आहेत तितके मी मोजायच्या भानगडीत पडत नाही, पण एकाच्याही जाहीरनाम्यात मला मतमोजणीच्या पद्धतीची मागणी आढळली नाही. महामंडळ मागतात, विधान परिषद मागतात, स्मारकाची उंची मागतात. ज्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९३२ पासून भांडण केलं तो प्रश्न त्यांच्या बॅनरवर नाही. कारणही उघड आहे. बहुसंख्यांच्या पसंतीनं मिळणारी जागा ज्याला चालते, त्याला पद्धत बदलून काय मिळणार?

म्हणून मी खालून सुरुवात करतोय. येत्या ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा तयार आहे. अर्ध्या पानाचा आहे: ग्रामपंचायत प्रभागातील मतदारास आपली सर्व मते एकाच उमेदवारास देण्याची मुभा असावी, आणि राखीव जागेवरील उमेदवारास सर्वसाधारण जागेसाठीही मोजावे, अशी कायद्यात दुरुस्ती करण्याची शासनास विनंती. सूचक मी, अनुमोदक तात्या. ग्रामसेवक म्हणाले, असला ठराव घेता येतो का ते बघावं लागेल. मी म्हटलं, बघा. ग्रामसभेला शासनाकडे विनंती करायला कुणाची मनाई आहे, तेवढं मला लेखी द्या. ठराव पडला तर किती हात वर गेले तेही प्रोसिडिंगवर लिहून घेणार आहे. तुमच्या गावात मांडायचा असेल तर मसुदा मागा, पाठवतो.